कोलंबसला निघालेल्या मुलीला

अगं,

काल फोनवर तू थंडीचे आकडे सांगत होतीस ते ओहायोतल्या कोलंबसचे. तुला कामासाठी जायचंय अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यातल्या कोलंबसला. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला तासाभरावर, बाहेर पडलं की मका आणि सोयाबीन. वस्ती ५० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव.

क्लेसी कमिन्स हा तिथल्या एका बँकरचा ड्रायव्हर-मेकॅनिक. मालकाच्या पैशावर त्यानं १९१९ मध्ये डिझेल इंजिनांचा कारखाना काढला, आणि १९६२ मध्ये ही कमिन्स कंपनी किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात आली. त्यामुळे तिथल्या रस्त्यावर अस्सल कोथरुडी मराठी कानावर पडेल. गणपतीला, क्रिकेटला जरूर जा. पण सगळेच शनिवार आपल्या माणसांत घालवलेस, तर तीन वर्षांनी परत येशील ती पुण्यातूनच आल्यासारखी.

माझी तिकडची फजिती सांगतो. माझा कारखाना कुठला ते सोड. पहिल्याच महिन्यात इंजिनाच्या चाचणीतलं एक रीडिंग मला खटकलं. खाली चाचणीच्या जागी जाऊन विचारायचं सोडून मी वरच्या ऑफिसातून मेल टाकली, चार साहेबांना कॉपी करून. रीडिंग बरोबर होतं. ते घेणारा माणूस तीस वर्षं तेच काम करत होता. शनिवारी किराणा घ्यायला गेलो, तर रांगेत माझ्यापुढे तोच! मेलबद्दल चकार शब्द नाही. पाऊस कसा लांबलाय, मका कसा आहे, एवढंच बोलला. पुण्यात माणूस टाळता येतो. तिथे तोच दुकानात, तोच शाळेच्या बास्केटबॉलच्या सामन्याला, दाताच्या डॉक्टरकडेही तोच.

सोमवारी गुपचूप खाली गेलो. त्यानं इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतं संथ चालू ठेवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मला नुसती घरघर ऐकू आली. त्याला त्यातलं बेअरिंग वेगळं ऐकू येत होतं.

म्हणून शंका आली की आधी जिना उतर. फक्त जेवणाच्या सुट्टीत नको. ती जेमतेम अर्ध्या तासाची असते.

सारीनेन, पेई या वास्तुकारांच्या कोलंबसमधल्या इमारती बघायला लांबून लोक येतात. नव्या शाळेसाठी नामांकित वास्तुकार घेतला तर त्याची फी कारखान्याचं फाउंडेशन भरेल, अशी योजना कारखान्याचे तेव्हाचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी आणली होती. तू मात्र पेईच्या लायब्ररीत फोटो काढत बसू नकोस, कार्ड काढ. आणि जुन्या माणसांना जून २००८ च्या पुराबद्दल विचार. इस्पितळात पाणी शिरून ते कित्येक महिने बंद होतं. गप्पांना दुसरा विषय लागणार नाही.

एक राहिलं. 'पिच-इन'चं बोलावणं येईल, म्हणजे प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. मी पहिल्यांदा वेफर्सची पिशवी नेली. ती उघडलीसुद्धा नाही कुणी. पुढच्या वेळी साबुदाण्याची खिचडी नेली. पातेलं निम्मं झाल्यावर एका बाईंनी विचारलं, यात शेंगदाणे आहेत का? त्यांच्या मुलाला चालत नव्हते. नशीब, त्याच्या ताटलीत अजून खिचडी पडली नव्हती. तू नेलीस तर पातेल्यावर ठळक चिठ्ठी लाव, आणि कूट घरूनच ने. तिकडचे दाणे बहुतेक खारवलेले मिळतात.

पोचलीस की कळव.

तुझे सर