कालचा हात आज नको

अरे लेका,

तुझा मेसेज वाचला. बारा दिवसांत चार कार्यक्रम, आणि चारही वेगळे, म्हणजे तू हवेत असणार हे मी समजू शकतो, मीही असाच होतो. गेल्या दिवाळीत माझी पण अशीच रांग लागली होती, ऐरोलीला एका ऑफिसचा दिवाळी प्रोग्राम, मग डोंबिवलीत दिवाळी पहाट, मग चिपळूणजवळ एका देवळात कीर्तन आणि शेवटी पुण्यात सहकारनगरला घरगुती बैठक. तीस वर्षं तबला वाजवून पण त्यात एकदा सपशेल आपटलो. ते सांगतो, बाकीचं जाता जाता.

ऑफिसवाला प्रोग्राम म्हणजे फ्यूजन. गिटार, कीबोर्ड, मी, आणि मागे लॅपटॉपवर ट्रॅक. कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, वाजत असतो, तो कुणासाठी थांबत नाही, गायक श्वास घेऊ दे नाहीतर शिंकू दे. अशा वेळी हात आपोआप जोरात पडायला लागतो कारण आपलाच तबला आपल्याला धड ऐकू येत नाही. शेवटी मी केरवा ताल दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत टाकून लग्गी, म्हणजे जलद खेळकर बोलांची सरबत्ती सोडली आणि लोकं शिट्ट्या मारायला लागली. खोटं कशाला बोलू, मजा आली. वाईट त्यात काहीच नाही. फक्त त्या शिट्ट्या हातात शिरल्या हे मला चार दिवसांनी कळलं.

पहाटेच्या कार्यक्रमाबद्दल मात्र नीट वाच, कारण तुझा पहिलाच तो आहे. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद हा नियम आहे, त्यामुळे आमचा कार्यक्रम बरोबर सहाला सुरू. मग साउंड चेक कधी? नाहीच! पहिलं गाणं हेच साउंड चेक, आणि तेही माणसं समोर बसलेली असताना. (माणसं म्हणजे आमच्या वयाची हां, पोरं सगळी नवे कपडे घालून डोंबिवलीच्या फडके रोडला.) आणि दव. मी घरून दाया (उजव्या हाताचा तबला) काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, अगदी टकाटक लावून नेला होता, मैदानात पिशवीतून काढून वीस मिनिटं झाली नाहीत तोच पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल, अर्धा स्वर खाली. निवेदिका फराळावर कविता म्हणत होती तेवढ्यात मी गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या वेणीवर) हातोडी मारत सूर चढवला, खालचे लाकडी गठ्ठे पण एकेक ठोकून घेतले. लागला एकदाचा. मग साडेसातला ऊन आलं, वर तो मोठा हॅलोजन चालूच, कातडं तापून ताणलं आणि सूर वर चढायला लागला, आता गजरा खालून ठोका. म्हणून दाया पिशवीतून लवकर काढ, त्याला हवा लागू दे, आणि प्रत्येक गाण्याआधी एकदा चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, बोट मारून बघ, पेटीवाला रागावला तरी चालेल. गाण्यांची यादी सुराप्रमाणे आदल्या रात्रीच मागून घे. गायक काळी एकमध्ये, गायिका काळी चारमध्ये, म्हणजे दाये दोन लागणार, लहान तोंडाचा आणि मोठ्या तोंडाचा, आणि कुठल्या गाण्यानंतर बदलायचा ते पेन्सिलीने लिहून ठेव. स्टेजवर आठवत नाही, माझ्यावर विश्वास ठेव.

आता आपटलो ते. दिवा-सावंतवाडी गाडीने चिपळूणला गेलो, तबला मांडीवर (तबला कधीही सीटखाली टाकायचा नाही, पाय मारतात लोकं). देऊळ छोटं, शंभरेक माणसं, एकच माईक आणि तो बुवांपुढे. नारदीय कीर्तन मी लहानपणापासून ऐकलंय, म्हणजे मला येतं असा माझा समज. पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, ठीक गेला. उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, आख्यान रंगात आलं, बुवांनी बोलता बोलता साकी (गायची पद्यरचना) उचलली, मी धुमाळी ताल धरला, आणि तिसऱ्या ओळीला मला वाटलं आता इथे एक लग्गी टाकली की देऊळ डोक्यावर घेतील. टाकली. बुवा ओळ अर्धी सोडून पुन्हा कथा सांगायला लागले होते आणि मी आपला जोरात सुटलेलो. झांज केव्हाच थांबली होती. बुवांनी वळून बघितलं, हसले, आणि माईकवरच म्हणाले, "तबला पुढच्या गावाला पोचला, आपण त्याची इथेच वाट बघू." देऊळ डोक्यावर घेतलं लोकांनी, पण ते असं.

कान लाल झाले माझे. पण चूक तालाची नव्हती रे, मात्रा सगळ्या बरोबर होत्या. मी ऐरोलीचा हात घेऊन चिपळूणला गेलो होतो. कीर्तनात बुवांच्या झांजेकडे आणि पायाकडे बघायचं असतं, ते वाक्याच्या मध्यातून गाण्यात शिरतात आणि गाण्याच्या मध्यातून बाहेर येतात, आणि मी बघत होतो समोरच्या लोकांकडे.

त्यानंतर आपोआपच बैठकीला गप्प बसलो. विलंबित एकताल, बारा मात्रा, गाणाऱ्या बाई इतक्या संथ लयीत गातात की तालाच्या एका आवर्तनाला, म्हणजे एका फेरीला, जवळपास मिनिट जातं. तासभर फक्त ठेका. तुला कंटाळवाणं वाटेल, पण तो ठेका प्रत्येक वेळी तितकाच भरीव देणं, "धिं" नंतरची जागा रिकामी वाटू न देणं, ह्याला जो दम लागतो तो लग्गीला लागत नाही. "साथ काय, सोलो वाजवायचा आहे" असं तू म्हणाला होतास ना मागे? तबल्यातले थोर उस्ताद अहमदजान थिरकवा साहेब बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नाट्यपदांना साथ करत होते. थिरकवा! मग तू आणि मी कोण?

पैशाचं. अर्धे आधी घे, लाजू नको. त्या चारांतल्या एकाचं मानधन मला सात महिन्यांनी मिळालं, ते पण दर आठवड्याला फोन करून. प्रवासखर्च वेगळा सांगायचा, आणि "एक्सपोजर मिळेल" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव.

आणि दोन कार्यक्रमांच्या मधे घरी बसून नुसता तीनताल वाजव, संथ, अर्धा तास, कुणी ऐकत नसताना. कालचा प्रोग्राम हातातून उतरायला मला तरी तेवढा वेळ लागतो.

शुक्रवारी येशील तेव्हा डग्गा घेऊन ये, त्याची वादी (कातड्याची दोरी) सैल झालीय, मागच्या वेळी आवाज फुटत होता. दोघं मिळून ओढून घेऊ. हाताला लावायची पावडर पण आण, माझी संपलीय.

तुझा,
काका