परदेशी कंपनी सरस की देशी? आधी मालक नफा कुठल्या दाराने नेतो ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या पाच परदेशी मालकीच्या आणि पाच देशी कंपन्या घेतल्या, तीन वर्षांचा निव्वळ नफ्याचा टक्का आणि आरओई (भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा) काढला, परदेशी कंपन्या बऱ्याच पुढे निघाल्या. मग ‘परदेशी व्यवस्थापन सरस’ असं प्रोजेक्टमध्ये लिहावं का?

एवढ्यावरून तरी लिहू नका.

या पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. आधी एका युरोपीय कंपनीच्या इथल्या उपकंपनीत, मग रबाळ्याला एका शेठच्या कारखान्यात. मार्च एंडची जागरणं दोन्हीकडे सारखीच. आणि दोन्हीकडे एक गोष्ट दिसली: निव्वळ नफा म्हणजे मालकाने आपलं काढून घेतल्यावर जे उरतं ते.

परदेशी मालक ते रॉयल्टी (तंत्रज्ञान किंवा नाव वापरल्याचा मोबदला), तांत्रिक शुल्क, ग्रुप मॅनेजमेंट चार्जेस या नावांनी नेतो. शिवाय सुट्या भागांच्या किमतीतूनही नेतो, आणि हे दार सहज दिसत नाही. आमच्याकडे एक भाग मूळ कंपनीकडून यायचा. तसाच भाग वागळे इस्टेटमधला एकजण बऱ्याच कमी भावात द्यायला तयार होता, नमुने पासही झाले होते. वरून मंजुरी शेवटपर्यंत आली नाही. आमचं मार्जिन तेवढं कमी दिसलं आणि तिकडचं तेवढं जास्त. २००१ पासून आयकर कायद्यात ट्रान्सफर प्रायसिंगची, म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांनी आपसात लावलेल्या किमतींची कलमं आहेत ती यासाठीच. पण ‘योग्य किंमत’ एक आकडा नसून पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात हलायला जागा बरीच असते.

रॉयल्टी मात्र उघड दिसते. २००९ च्या अखेरीपर्यंत सरकारी मंजुरीशिवाय किती देता येते याला मर्यादा होती, तंत्रज्ञानासाठी देशांतर्गत विक्रीच्या ५ टक्के आणि निर्यातीच्या ८ टक्के. ती उठल्यावर आकडे चढू लागले. आता लिस्टेड कंपनीला उलाढालीच्या ५ टक्क्यांवर रॉयल्टी द्यायची असेल, तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने बाकीच्या भागधारकांची संमती लागते. २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने ४.५ वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर नेण्याचा ठराव मांडला, तो भागधारकांनी पाडला. असा पाऊण टक्का वाढला असता तर कारखान्यात काहीही न बदलता नफा तेवढा कमी दिसला असता, हे लक्षात घ्या.

आता आमचे शेठ. रॉयल्टी वगैरे शब्द त्यांनी कधी उच्चारला नसेल. पण कारखान्याचा गाळा वहिनींच्या नावावर, भाडं बाजारभावापेक्षा चांगलं वर. दोन्ही मुलं डायरेक्टर, त्यातला धाकटा महिन्यातून दोनदा यायचा, तोही जेवायच्या सुट्टीत. गाडी, ड्रायव्हर, गावचं देवस्थान, सगळं खर्चात. हीसुद्धा रॉयल्टीच म्हणा, फक्त ती परदेशाऐवजी शेठच्याच घरी जायची.

तेव्हा तुलना करताना हे सगळं परत नफ्यात मिळवा. समजा दोघांची विक्री १०० कोटी. परदेशी कंपनीचा करपूर्व नफा १०, देशीचा ६. परदेशी कंपनीची रॉयल्टी ४ आणि ग्रुप चार्जेस २ मिळवले की १६. देशीचं जादा भाडं दीड, काम न करणाऱ्यांचे पगार ३ मिळवले की साडेदहा. (शेठचा स्वतःचा पगार मिळवू नका, ते खरंच सकाळी आठला हजर असायचे.) देशी कंपनी कॅश क्रेडिटवर (बँकेच्या फिरत्या कर्जावर) चालते, तिचं व्याज ४, परदेशी कंपनीला मूळ कंपनीचं भांडवल असल्याने व्याज शून्य. व्याजापूर्वीचा नफा: १६ आणि साडेचौदा. चार कोटींची दरी दीडवर आली. म्हणून आरओई सोडा, आरओसीई घ्या, म्हणजे कर्ज धरून गुंतवलेल्या सगळ्या भांडवलावर व्याजापूर्वीचा नफा किती ते.

त्यातही ठाण्यात जमिनीची गंमत आहे. जुन्या कंपन्यांच्या जमिनी पुस्तकात जुन्या किमतीला पडून असतात, त्यामुळे गुंतवलेलं भांडवल कमी दिसतं आणि आरओसीई फुगतो. २०१६-१७ पासून इंड-एएस ही नवी हिशेब मानकं आल्यावर काहींनी जमीन नव्या किमतीला दाखवली, काहींनी जुनीच ठेवली. ते ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये तपासा. शिवाय पोखरण रोडवरची ग्लॅक्सोची जमीन ओबेरॉय रिअल्टीने घेतली, तर रेमंडने आपल्या आवारात स्वतःच टॉवर उभे केले. एक परदेशी मालकीची, एक देशी. दोघींना जमिनीतून आलेला पैसा औषधांच्या किंवा कापडाच्या धंद्याचा नव्हे. ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ आणि सेगमेंटचे (प्रत्येक धंद्याचे वेगळे) आकडे आधी वेगळे काढा.

यादी कशी निवडली हेही सांगावं लागेल. तुम्ही आज चालू असलेल्या कंपन्या घेतल्या आहेत. भारतात न जमल्याने बाहेर पडलेल्या परदेशी कंपन्या, जसं २०१७ मध्ये इथली विक्री थांबवणारी जनरल मोटर्स किंवा २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं ठरवणारी फोर्ड, अशा ‘चालू कंपन्यांच्या’ यादीत सहसा येणार नाहीत. वागळे इस्टेटमधले बंद पडलेले देशी कारखानेही नाहीत. शिवाय परदेशी गुंतवणूकदार बहुधा आधीच धडधाकट असलेली कंपनी विकत घेतो. मग नंतरच्या नफ्याचं श्रेय कुणाला?

मालकीचा परिणाम खरंच पाहायचा असेल तर तीच कंपनी मालक बदलण्यापूर्वी आणि नंतर पाहा. रॅनबॅक्सी ही औषध कंपनी बघा: २००८ मध्ये जपानच्या दाइची सँक्योने घेतली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाओंटा साहिब आणि देवासच्या कारखान्यांच्या मालाला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) अटकाव केला, २०१४ मध्ये सन फार्माला विकायचं ठरलं. टोकियोत मालक असल्याने कारखान्यातल्या जुन्या नोंदी सुधारत नाहीत. (एका उदाहरणावरून नियम काढू नका, पण प्रोजेक्टमध्ये हवंच.)

मग परदेशी मालकीत सरस काहीच नाही का? आहे. आमच्या युरोपीय कंपनीत पुरवठादाराला ९० दिवसांनी पैसे मिळायचे, पण ९० म्हणजे ९०. शेठकडे मुदत ४५ दिवसांची आणि उत्तर ‘सोमवारी या’. कॅलिब्रेशनचं (मोजमापाची उपकरणं तपासण्याचं) वेळापत्रक, सुरक्षेची नोंदवही, खरेदीवर दोन सह्या, हे मी तिकडेच शिकलो. उलट ऑर्डर बदलली तर शेठ दुपारी ठरवून संध्याकाळी यंत्र लावायचे; तिकडे त्याच गोष्टीला सहा आठवडे आणि तीन देशांतले ईमेल. हे आकड्यांत हवं असेल तर येणी-देणीचे दिवस (पैसे यायला आणि द्यायला किती दिवस लागतात) आणि मालसाठ्याचे दिवस (माल किती दिवस पडून राहतो) काढा, नफ्याच्या टक्क्यापेक्षा जास्त सांगून जातात.

कागद कुठे मिळतील? लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल. प्रायव्हेट लिमिटेडसाठी एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर शंभर रुपये भरून त्या कंपनीने दाखल केलेले कागद पाहता येतात. त्यात ‘रिलेटेड पार्टी’ची, म्हणजे मालकाच्या नात्यातल्या माणसांशी आणि कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप सगळ्यात आधी वाचा. दहाही कंपन्यांच्या टिपा काढून झाल्या की इथे टाका, भाडं आणि रॉयल्टीचा हिशेब मिळून लावू.