वाचक विचारतात : एक लोकल अडकली की अख्खी लाईन का अडकते?

या वेळी लोकलबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेक पत्रं मध्य रेल्वेच्या मेन लाईनवरची (सीएसएमटी ते कल्याण आणि पुढे कर्जत-कसारा) आहेत, म्हणून उत्तरंही तिथलीच.

प्रश्न : सिग्नल दहा मिनिटं बिघडतो आणि त्रास दुपारपर्यंत पुरतो. दुरुस्ती झाल्यावर गाड्या लगेच वेळेवर का येत नाहीत? (वाचक, डोंबिवली)

कारण वेळापत्रकात मोकळी जागाच उरलेली नाही. गर्दीच्या वेळी एकामागोमाग एक लोकल तीन-चार मिनिटांनी धावते, म्हणजे एक गाडी दहा मिनिटं अडली की तिच्या मागे आणखी दोन-तीन उभ्या. पण खरा त्रास सुरू होतो तो बिघाड संपल्यावर. तोवर ठाणे, घाटकोपर, दादरला फलाटावर तीन गाड्यांची माणसं जमलेली असतात आणि ती सगळी पहिल्याच गाडीत शिरायला बघतात. टाइमटेबलमध्ये थांबा असतो वीस-तीस सेकंदांचा. प्रत्यक्षात दादरला काय होतं बघा, उतरणारे दारात अडकलेले, खालचे आत रेटतायत, शेवटचा माणूस एक पाय आत टाकून दारातला खांब पकडतोय आणि मागे गार्ड (आता पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय) बाहेर वाकून बघतोय की दोन बेल द्यायच्या कधी, कारण त्या दोन बेल मिळाल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही. यात मिनिट सहज जातं. मग गाडी आणखी लेट, म्हणून पुढच्या स्टेशनवर आणखी गर्दी, आणि तिच्या पाठोपाठची लोकल निम्मी रिकामी असूनही पुढे जाऊ शकत नाही. रेल्वेत याला बंचिंग म्हणतात.

शेवटी सीएसएमटी. तिथे मेन लाईनच्या लोकलसाठी ३ ते ७ असे पाचच फलाट आहेत आणि आलेलीच गाडी लगेच परत निघायची असते. गाड्या एकदम घोळक्याने आल्या की फलाट मोकळा होईपर्यंत बाकीच्या त्याआधीच्या मस्जिद, सँडहर्स्ट रोड स्टेशनांजवळ रखडतात आणि परतीची फेरीही उशिरा सुटते. तुमचे सकाळचे दहा मिनिटं असे फिरत राहतात.

प्रश्न : मग लेट झाल्यावर आमचीच लोकल का रद्द करतात? कल्याणच्या पुढे आधीच गाड्या कमी. (वाचक, बदलापूर)

ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे, पण गाडी रद्द करण्यामागचं कारण आधी सांगते. एकच रेक (म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी) दिवसभर एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जात असतो. कर्जतला जायची गाडी वीस मिनिटं लेट आली आणि तशीच पुढे सोडली तर तिची परतीची फेरीही लेट, त्यापुढचीही लेट. म्हणून कंट्रोल रूम कधी एखादी फेरी काढून टाकते, कधी गाडी ठाण्याला किंवा कुर्ल्याला संपवून तिथूनच उलटी फिरवते. लाईन सावरायचा दुसरा उपाय त्या घडीला हातात नसतो, आणि माझ्या मते तो बरोबर आहे.

चूक आहे ती वेगळीच. रद्द करायचा निर्णय कंट्रोलमध्ये होतो तेव्हा फलाटावर कुणालाच माहीत नसतो, इंडिकेटरवर तीच जुनी वेळ झळकत राहते, आणि गाडी यायच्या वेळेला घोषणा होते. पंधरा मिनिटं आधी कळलं असतं तर निदान आधीची मिळेल ती कल्याण लोकल पकडता आली असती. शिवाय दादरला एक गाडी गेली तर तीन-चार मिनिटांत दुसरी आहे, बदलापूर-वांगणीला अर्धा तास जातो. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्ग, एक जायचा आणि एक यायचा, त्यावरूनच पुण्याच्या मेल-एक्स्प्रेसही जातात. म्हणून रद्द करायचीच तर कुठली, हे ठरवताना नुसती फेरी मोजू नये, मागे दुसरी गाडी कधी आहे ते मोजावं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम होईपर्यंत तरी हा नियम पाळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : रुळावर पाणी दिसतही नाही, तरी पावसात सिग्नल लाल कसा होतो? (वाचक, कुर्ला)

रुळांमधून हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की चाकं आणि ॲक्सल दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह वळतो आणि यंत्रणेला कळतं की इथे गाडी आहे, मागचा सिग्नल लाल. आता खडीत गाळ आणि घाण पाणी साचलं तर तेही प्रवाहाला वाट देतं, त्यामुळे गाडी नसतानाही यंत्रणा 'आहे' असंच धरून चालते. शंका आली की लालच दाखवायचा, अशीच ती मुद्दाम बनवलीय आणि त्यामुळेच जीव वाचतात. असा गाडीच्या ये-जा वरून आपोआप बदलणारा (ऑटोमॅटिक) सिग्नल लाल असेल तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून मग अगदी हळू, समोर बघत गाडी नेतो, म्हणून तुम्हाला ती सरकतेय असं वाटतं. त्यात कुर्ला-सायन सखल, शेजारी मिठी नदी, आणि भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी खाडीत जातच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तो टोकाचा दिवस, पण या पट्ट्यात पाणी साचायला इतका पाऊस कधीच लागलेला नाही.

प्रश्न : मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लाईन बंद ठेवणं) रात्री का घेत नाहीत? (वाचक, मुलुंड)

घेतात, पण शेवटची लोकल साडेबाराच्या आसपास सुटते आणि पहिली सव्वाचारच्या सुमारास. त्यात शेवटची गाडी पूर्ण लाईन पार होईपर्यंत थांबायचं, ओव्हरहेड वायरची वीज बंद करून अर्थिंग करायचं (काम करणाऱ्यांना शॉक बसू नये म्हणून वायर जमिनीशी जोडायची), आणि काम झाल्यावर हे सगळं उलटं. हातात दोनेक तास उरले तर खूप. रूळ बदलणं, पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तो सांधा) बदलणं त्यात बसत नाही.

प्रश्न : ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन २०२२ ला सुरू झाली, तरी फास्ट लोकल एक्स्प्रेससाठी का थांबते? (वाचक, ठाणे)

कारण ठाणे-दिवा जोडलं गेल्यावरही मेल-एक्स्प्रेससाठीच्या या वेगळ्या मार्गिका कल्याणपासून कुर्ल्यापर्यंतच सलग आहेत. पुढे सीएसएमटीपर्यंत मेल-एक्स्प्रेसला लोकलच्याच रुळांवर यावं लागतं. कुर्ला-परळ आणि मग परळ-सीएसएमटी, हे काम जागेअभावी रखडलंय.

प्रश्न : आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या साध्या (बिगर-एसी) लोकल आल्या तर गाड्या आणखी लेट होतील ना? (वाचक, दिवा)

होतील, सुरुवातीला नक्की होतील. दार लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि एसी लोकलचं दार गर्दीत दोनदा-तीनदा उघडावं लागतं हे आपण बघतोच. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं चालत्या गाडीतून पडली आणि जिवानिशी गेली, ती कामावर निघालेली तुमच्या-आमच्यासारखीच माणसं होती. त्यामुळे दादर-ठाण्याला थांबा वीस सेकंदांनी वाढणार असेल तर तो वाढू दे, फक्त ते वेळापत्रकात आधीच धरा, थांबा कागदावर तीस सेकंदांचाच ठेवून उशिराचा दोष चढणाऱ्यांवर टाकू नका. आणि त्या गाड्यांना हवेसाठी छतावर पंखे आणि दारात झडपा नीट द्या, कारण बंद डब्यात मे महिन्यात माणूस गुदमरला तर तो दाराला काहीतरी अडकवून ते उघडं ठेवणारच.