सिगारची चव ओढता ओढता बदलते म्हणतात, मग मला एकच कडवट धूर का लागतो?

तुम्ही लिहिलंय की भावाने दुबईहून सहा सिगार आणले, जुलैत रत्नागिरीच्या घरी त्यातले दोन ओढलेत, आणि पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत तोंडात तोच कडवटपणा राहिला. मग ‘आधी लाकूड, मग कॉफी, मग मिरी’ असं जे सांगतात ते खरं की विकणाऱ्यांच्या गप्पा, असं विचारलंय.

खरं आहे. तुमचे सिगार बहुधा दमट झालेत, आणि तुम्ही ते सिगारेटच्या वेगाने ओढलेत. दोन्हींवर उपाय आहे आणि उरलेले चार वाया जायची गरज नाही. पण सुरुवात मी आढीपासून करतो, कारण मला ही चव तिथून कळली.

मी गुहागर तालुक्यातला. आमची हापूसची कलमं होती आणि मे महिन्यात माडीवर भाताच्या पेंढ्यात आंब्याची आढी घातलेली असायची. वडील रोज सकाळी माडीचं दार उघडायचे, उंबऱ्यावरच थांबायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. आंब्याला हातही न लावता सांगायचे, ‘कडेचा थर उद्या काढूया, मधला चार दिवस राहूदे.’ मला आधी सगळा एकच वास यायचा. तीन-चार वर्षं त्यांच्या मागे उभा राहिल्यावर सुटे सुटे वास कळायला लागले. पहिल्या दिवशी चीक आणि सुकं गवत. मग हिरवट आंबूस. मग गवताचा वास मागे पडून मधासारखं काहीतरी पुढे येतं. आणि एखादं फळ डागी निघालं की त्या गोडात दारूसारखी एक तीक्ष्ण रेघ. कालचा वास लक्षात असेल तरच आजचा फरक कळतो. सिगारलाही हेच लागतं, दहा मिनिटांपूर्वीचा वास लक्षात ठेवणं.

पुढे मी बोटीवर गेलो, इंजिनात. तिथे दोमिनिकन रिपब्लिकचा एक मोटरमन होता, त्याच्या घरचे तंबाखू पिकवायचे. त्याने तंबाखू मुरवण्याची रीत सांगितली तेव्हा मला थेट माडी आठवली. वाळलेली पानं ओलसर करून त्यांचे मोठे ढीग रचतात, त्याला स्पॅनिशमध्ये पिलोन म्हणतात. ढीग आतून आपोआप तापतो. फार तापला की मोडायचा, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. असं महिनोन्महिने चालतं. या तापण्यात पानातला अमोनिया उडून जातो आणि उग्रपणा बसतो. ज्या सिगारला गोठ्यासारखा वास मारतो त्याचं हे काम घाईत उरकलेलं असतं, किंवा तो कोवळा असतानाच विकलेला असतो.

आता चव का बदलते ते. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये तीन भाग असतात: वरचं देखणं पान म्हणजे रॅपर, त्याच्या आत सगळं आवळून धरणारं बाइंडर, आणि पोटातलं भरण. भरणात तंबाखूच्या झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं असतात. अगदी खालची वोलादो, ती चटकन पेटतात. मधली सेको, त्यांच्यात सुवास जास्त. वरची लिगेरो, उन्हात वाढलेली, जाड, तेलकट आणि कडक. लिगेरो सावकाश जळतं म्हणून वळणारा ते मधोमध ठेवतो. ही मांडणी टोकापासून टोकापर्यंत साधारण सारखीच असते, म्हणजे पुढे वेगळा तंबाखू आणि मागे वेगळा असं काही नसतं.

बदल घडतो तो अंतरामुळे. रोबुस्तो नावाचा प्रचलित आकार घ्या. लांबी 5 इंच, जाडी 50, म्हणजे इंचाचे 64 भाग केले तर त्यातले 50, जवळपास 20 मिलिमीटर. पेटवल्यावर धूर जवळजवळ पाच इंच न जळलेल्या पानांतून गाळून, थंड होऊन तोंडात येतो, म्हणून सुरुवात हलकी लागते. वाटेत त्याच्यातली तेलं, डांबर आणि पाण्याची वाफ मागच्या पानांवर बसत जाते. निखारा सरकत तिथे पोचला की बसलेलं ते सगळं पुन्हा उडतं, आणि आता थंड व्हायला अंतरही कमी. त्यामुळे मधला भाग भरदार लागतो आणि शेवटचा कडक.

म्हणून वेग फार महत्त्वाचा. मिनिटाला एक झुरका, क्वचित दोन, त्याहून जास्त नाही. रोबुस्तोला पाऊण ते एक तास लागायला हवा. तुमचा वीस मिनिटांत संपला असणार. भराभर ओढलं की निखारा तापतो, सगळे सुवास करपतात आणि उरतो तो कडवटपणा. विझला तर विझू द्या. राख झाडा, सिगारमध्ये एकदा हलकेच उलटी फुंकर मारा म्हणजे कोंडलेला शिळा धूर निघून जाईल, आणि पुन्हा पेटवा.

धूर छातीत घ्यायचा नाही. सिगारचा धूर सिगारेटपेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं. रिकाम्या पोटी ओढलात तर चक्कर येते, घाम सुटतो. आणि छातीत न घेतल्याने तो निर्धोक होत नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो. तुम्ही तंबाखूला आजवर शिवला नसाल तर हे उत्तर वाचून सुरुवात करू नका, हे मी मनापासून सांगतो. मी महिन्याला एक ओढतो, पडवीत, घरात लहान मूल नसेल तेव्हा.

चव कळण्याची खरी किल्ली नाकात आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शासारखी उमामी, एवढंच कळतं. बाकी सगळा वास असतो. तोंडातला बराचसा धूर सोडून द्यायचा आणि उरलेला थोडासा हळूच नाकावाटे बाहेर काढायचा. सुरुवातीला झोंबेल, डोळ्यांत पाणी येईल. दर पाच-सहा झुरक्यांनी एकदाच करा.

आणि पुस्तिकांतले शब्द शोधू नका. सीडारचं लाकूड, एस्प्रेसो, ट्रफल हे ज्यांच्या लहानपणात होतं त्यांच्यासाठी ठीक. आपल्याकडे नाकाची साठवण काही कमी नाही. परवा मी निकाराग्वाचा एक ओढला. पहिली पंधरा मिनिटं आढीतला कोरडा पेंढा आणि भाजलेला काजूगर, नाकातून सोडताना काळी मिरी. मध्यावर गिरणीत नुकत्याच कापलेल्या फणसाच्या लाकडाचा वास आला, त्याच्या मागोमाग जायफळ, आणि ओठांवर काकवीसारखा गोडवा. हा मधला भाग मला सर्वांत आवडतो, तिथे मी बोलणंसुद्धा थांबवतो. शेवटाकडे भाजावळ. एप्रिल-मेत राब भाजताना शेण, पालापाचोळा आणि तापलेली माती यांचा जो मिश्र धूर अंगावर येतो, अगदी तो. तुम्हालाही तो वास झोपेतून उठवलं तरी ओळखता येईल. मग सिगारमधला का नाही?

आता दमटपणा, तुमच्या कडवट धुराचं दुसरं कारण. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे जुलैत हवा सहज 85-90 च्या घरात. स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ना? हवा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून विरघळायला लागतं. तंबाखूही पाणी ओढतो. पान फुगतं, धूर नीट येत नाही म्हणून आपण जोर लावून ओढतो, आतलं पाणी वाफ होऊन तोंडात येतं आणि चव आंबट-कडू होते. तुमचं तेच झालंय.

उरलेले चार उन्हात किंवा पंख्याखाली सुकवू नका, वरचं पान तडकेल. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. त्यात दोन्ही बाजूंनी काम करणारी आर्द्रतेची पाकिटं टाका, जास्त असलेला ओलावा शोषणारी आणि कमी असलेला देणारी. त्यांच्यावर आकडा छापलेला असतो, आपल्या किनाऱ्यासाठी 65 चं घ्या. तीन-चार आठवडे डबा उघडू नका. सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवाल तर आधी तो तपासा: बाटलीच्या झाकणात साधं बारीक मीठ, दोन-चार थेंब पाणी, ओल्या वाळूइतपत. झाकण आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर. सकाळी 75 दिसायला हवं. 71 दाखवलं तर तुमचा मापक चार कमी दाखवतो. आगरातलं जाडं मीठ यासाठी घेऊ नका, त्यातले इतर क्षार आकडा बिघडवतात.

लाकडी पेटीच्या नादाला आपल्याकडे लागू नये असं माझं मत. 2011 मध्ये मी एक सुंदर पेटी माळ्यावर ठेवून बोटीवर गेलो. परत आलो तर निम्म्या सिगारांवर बुरशी आणि बाकीच्यांना सुईने टोचल्यासारखी भोकं. तंबाखूचा किडा. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि 24-25 अंशांच्या वर ऊब मिळाली की फुटतात, म्हणजे आपल्याकडे वर्षभर. पंचवीस सिगार आगीत टाकताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून नवे आले की दोन पिशव्यांत बांधून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग डब्यात.

ओढताना सोबत साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा असावा. सोलकढी नको, लसूण आणि आमसूल पुढचं काही कळू देत नाहीत. शेवटचे दीड इंच राहिले, धूर गरम लागू लागला की तिथेच ठेवून द्या, चिरडू नका, आपला आपण विझेल.

तुमच्या चारपैकी एक सप्टेंबरात ओढा, भाद्रपदाची उघडीप मिळाली की. दर पंधरा मिनिटांनी वहीत एकच वास लिहा, घरातला किंवा बागेतला. त्याच डब्यातला दुसरा जानेवारीत, थंडीच्या सकाळी न्याहारीनंतर. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा, आणि काय लिहिलंत ते मला जरूर कळवा.