डॉलरची खुर्ची आणि डॉलरचा भाव

प्रश्न : आम्ही दुबई आणि कोलंबोला कांदा पाठवतो. बिलं आजवर डॉलरमध्येच केली. आता दुबईचा व्यापारी म्हणतो, दिरहममध्ये करा. इकडे मेव्हणे रोज मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात की ब्रिक्सची (भारत, रशिया, चीन वगैरे देशांच्या गटाची) नोट आली, डॉलर संपला. डॉलरचं बिल सोडावं का? आणि डॉलर पडणारच असेल तर आत्ताच फॉरवर्ड (पुढे येणारा डॉलर आज ठरलेल्या भावाने विकण्याचा बँकेशी करार) बुक करावं का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : मेव्हणे अगदीच हवेत बोलत नाहीत. जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत २००१ साली ७० टक्क्यांहून जास्त डॉलर होते, २०२४ अखेर ५८ टक्क्यांच्या आसपास उरले. पण त्याच काळात आपल्याकडे डॉलर ४७-४८ रुपयांवरून ८५ वर गेला, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. डॉलरची खुर्ची, म्हणजे जगाचं मुख्य चलन हा मान, वेगळी; डॉलरचा भाव वेगळा. कांदेवाल्याला कर्तव्य भावाशी.

ती ‘ब्रिक्सची नोट’ म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात रशियातल्या कझानला ब्रिक्सच्या परिषदेत पुतिन यांच्या हातात दिसलेली शोभेची नोट. तिने कझानमध्ये चहासुद्धा मिळाला नसता.

आता दिरहम. तो १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे दुबईवाला तुम्हाला डॉलरच देतोय, सदरा बदलून. बँकेचं कमिशन आणि दर परवडत असेल तर खुशाल दिरहममध्ये बिल करा.

मी फोर्टातल्या एका बँकेच्या डीलिंग रूममध्ये, म्हणजे चलनांचे सौदे होतात त्या खोलीत, एकोणीस वर्षं काढली. भिवंडीचे एक यंत्रमागवाले येनमध्ये पैसे भरायला यायचे. एकदा चिडून म्हणाले, “माल जपानचा, पैसा माझा, मध्ये हा अमेरिकेचा दलाल कशाला?” मी त्यांना शेजारी बसवलं आणि थेट रुपया-येनचा भाव विचारायला चार फोन लावले. चारही जणांनी आधी रुपया-डॉलर काढला, मग डॉलर-येन, आणि गुणाकार-भागाकार करून आकडा सांगितला. २०२२ च्या जागतिक पाहणीतही चलनांच्या दर १०० रुपयांच्या उलाढालीत ८८ रुपयांच्या सौद्यांत एका बाजूला डॉलरच होता. बाजार समित्या गावोगाव आहेत, पण भाव लासलगावचा विचारतात ना, तसंच. (पिंपळगावकरांनी रागावू नये.)

डॉलर टाळायचा म्हटलं तर टाळता येतो, पण समोरच्याने आपलं चलन घेऊन करायचं काय? २०२३ च्या मे महिन्यात गोव्यात, बाणावलीला, शांघाय सहकार्य संघटनेची बैठक झाली. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. आपण त्यांचं तेल ढीगभर घेतो, ते आपल्याकडून घेतात थोडं. रुपये साचणारच.

परक्याचं चलन बाळगण्यात धोका असतो, याचा जुना दाखला आमच्या घरातच होता. चुलते बहरीनला कारकून होते. त्यांच्या कपाटात दहाची एक नोट होती, आपली असून आपली नसलेली. क्रमांकाआधी इंग्रजी झेड. तो आखाती रुपया, १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला. त्याआधी तिथे आपल्या साध्याच नोटा चालत. सोन्याच्या चोरट्या व्यापारात त्या इथून तिकडे जायच्या आणि फिरून आपल्याकडेच पौंडात बदलून घ्यायला यायच्या, म्हणून ही वेगळी नोट. ६ जून १९६६ ला आपण अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. नोटा बाळगणाऱ्यांचं तिसऱ्या हिश्शाहून जास्त मोल एका रात्रीत गेलं आणि कुवेत-बहरीनने आधीच सोडलेला रुपया कतार आणि दुबईनेही सोडला. चुलते शेवटपर्यंत ती नोट दाखवून म्हणायचे, “सरकारने मला फसवलं.”

डॉलरच्या खुर्चीला खरा धक्का अमेरिकेनेच दिला. २०२२ साली रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. तेव्हापासून मध्यवर्ती बँका सोनं घेत सुटल्या, २०२२ ते २०२४ दर वर्षी हजार टनांवर. चीनचा युआन मात्र गंगाजळीत दोन-अडीच टक्क्यांवरच अडकलाय, कारण चीन पैसा मोकळेपणाने आत-बाहेर जाऊ देत नाही. खुर्ची कुरतडली जातेय खरी, पण तिच्यावर बसायला दुसरा कुणी तयार दिसत नाही. माझ्या हयातीत तरी हे असंच चालेल असं मला वाटतं.

फॉरवर्ड जरूर करा, पण बोटीवर चढलेल्या मालापुरतं. आपल्याकडे पुढच्या तारखेचा डॉलर सहसा आजच्यापेक्षा काही पैसे चढाच असतो, तो प्रीमियम निर्यातदाराला मिळतो. न लावलेल्या कांद्यावर फॉरवर्ड घेऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मेपर्यंत उठली नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. माल गेलाच नाही तर त्या सौद्याचा फरक खिशातून भरावा लागतो.

कोलंबोचं बिल डॉलरमध्येच ठेवा, पण निम्मी रक्कम आधी घ्या, नाहीतर एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) मागा. २०२२ मध्ये तिथल्या बँकांकडे डॉलरच नव्हते आणि खाण्याच्या मालाचे कंटेनर बंदरात अडकून पडले होते. कांदा तितके दिवस थांबत नाही.