शिंप्याच्या दुकानापासून सुरुवात करा

दहावीनंतर वाचन सुटलंय, अलीकडची एखादी मराठी कादंबरी सांगा, जाडजूड नको, असं तुम्ही विचारलंय. मी परभणीचा. वर्षभरात वाचलेल्यांपैकी जी अजून मनातून जात नाही, तीच आधी सांगतो: देवीदास सौदागर यांची ‘उसवण’.

सौदागर तुळजापूरचे, शिवणकामावर पोट भरलेले. या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. गोष्ट एका शिंप्याची. रेडिमेड कपडे आले आणि त्याच्या मशीनवरचं काम आटत गेलं. आमच्या गल्लीतही एक शिंपीमामा होते. दिवाळीचं कापड त्यांच्याकडं महिनाभर आधी टाकावं लागायचं. पोरगं वाढतंय म्हणून पँटीला आतून चांगली चार बोटं मुडप ठेवायचे. पुढं त्यांच्याकडं नवं कापड येईनाच. चेन बदला, उंची कमी करा, एवढंच. मामांनी वेळीच दुसरा धंदा बघायला पाहिजे होता, असं मी तेव्हा सहज बोलून जायचो. ‘उसवण’ वाचली आणि त्या बोलण्याची लाज वाटली. हातात एकच कला असलेल्या माणसानं जावं कुठं?

दुसरी, मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’, २०१९ची. नांदेडला गोदावरीत रोज पोहायला जाणारा निवेदक आणि नदीकाठी त्याला भेटणारी माणसं. त्यातली तृतीयपंथी सकीना विसरता येत नाही. मधेमधे निवेदक जरा जास्तच चिंतनात शिरतो, पण पुन्हा पाण्यात उतरला की पुस्तक जिवंत होतं. मी कॉलेजला नांदेडलाच होतो. चार वर्षं रोज पुलावरून ये-जा केली, पण नदी बघितली ती या पुस्तकात.

या दोन झाल्या की मग कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. धरणामुळं उठलेलं गाव आणि मागं राहिलेल्या म्हशीसाठी परत जाणारा माणूस. बोली कोल्हापूरकडची, म्हणून पहिली काही पानं मोठ्यानं वाचा, कानाला सवय होते. माझ्या आत्याच्या सासरचं गाव जायकवाडीत गेलं. तिला यातली काही पानं वाचून दाखवली, तर म्हणाली, “आमची गाय बी अशीच जुन्या वाटंला लागायची.”

तालुक्याच्या वाचनालयात पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून ठेवा. मला ‘उसवण’ तशीच मिळाली, तीन आठवड्यांनी.