सूट, परवानगी की मुभा?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'टीमसाठी मराठीत टिपणं लिहितोय. सँडबॉक्समधल्या प्रोग्रामला लागतील तेवढे सिस्टिम कॉल अलाऊ करायचे, याला "सूट देणे" म्हणू की "परवानगी देणे"?'

सँडबॉक्स म्हणजे प्रोग्रामला बाकी यंत्रणेपासून वेगळं ठेवणारं कुंपण, आणि सिस्टिम कॉल म्हणजे फाइल उघडण्यासारखं काम करून घ्यायला प्रोग्रामनं ऑपरेटिंग सिस्टिमला घातलेली साद. मी 'मुभा देणे' म्हणेन.

सूट कशातून तरी मिळते: करातून, हेल्मेटसक्तीतून. जे करणं भाग आहे, ते न करण्याची ती सवलत. मुभा कशाची तरी असते, आणि ती वापरायची की नाही हे आपल्यावर. शब्दाचं मूळ अरबी 'मुबाह'. इस्लामी धर्मशास्त्रात जे केलं तर पुण्य नाही, सोडलं तर पाप नाही, ते मुबाह. फाइल उघडण्याचा कॉल यादीत आहे म्हणून प्रोग्रामनं तो करायलाच हवा असं कुठे आहे?

'परवानगी' चूक नाही, पण तिच्यात मागणं येतं आणि देणाऱ्याची मर्जीही. लिनक्सच्या सेकॉम्पमध्ये, म्हणजे प्रोग्रामला कुठले कॉल करता येतील ते ठरवणाऱ्या सोयीत, सहसा मर्जीचा प्रश्न नसतो, यादी आधीच ठरलेली. 2005 साली सेकॉम्प आलं तेव्हा मुभा चारच कॉलची होती: वाचणे, लिहिणे, सिग्नल हाताळून परतणे आणि संपणे. 2012 पासून यादी आपली आपण ठरवू शकतो. एकदा लावलेला फिल्टर, म्हणजे ही यादी, मात्र चालू प्रोग्रामला काढता येत नाही, आणखी आवळता येतो. म्हणून 'मुभा वाढवणे' हा प्रयोग तिथे जपून करा.

नकाराचे शब्द त्याहून जास्त जपायला हवेत. पेठेतल्या दुकानदारानं 'ठेवत नाही' म्हटलं, तर गिऱ्हाईक दुसरं काहीतरी मागतं. 'देणार नाही' म्हटलं, तर तणतणत निघून जातं. 2021 मध्ये ग्लिबसी 2.34, म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर उभे असतात त्या लायब्ररीची आवृत्ती, थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा) सुरू करायला जुन्या क्लोनऐवजी नवा क्लोन3 कॉल आधी करून बघू लागली. प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या डॉकरच्या तेव्हाच्या फिल्टरकडून उत्तर यायचं 'मनाई', आणि थ्रेड सुरूच होईना. 'असा कॉलच नाही' हे उत्तर मिळतं, तर ग्लिबसी निमूटपणे जुन्या क्लोनकडे वळलं असतं. नंतर डॉकरनं उत्तर तसं बदललंच. तेव्हा टिपणात एकाला 'मनाई' आणि दुसऱ्याला 'उपलब्ध नाही' लिहा, दोन्हींना 'नाकारले' नको.

सँडबॉक्स मात्र सँडबॉक्सच राहू द्या. 'वाळूपेटी' वाचून टीममधलं कुणीतरी बांधकाम कुठे चाललंय ते विचारेल.